दहावीची टक्केवारी: भागाकार कितीने केला ते आधी विचारा

समजा, एका मुलीचे दहावीचे गुण असे आहेत: मराठी ८४, संस्कृत ९७, इंग्रजी ७८, गणित ९१, विज्ञान व तंत्रज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ८६. तिला किती टक्के मिळाले? सहाही विषयांची बेरीज ५२४. तिला ६०० ने भागलं तर ८७.३३. राज्य मंडळाच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने सगळ्यांत कमी गुणांचा विषय, म्हणजे इंग्रजी, गळतो, मग ५०० पैकी ४४६, टक्के ८९.२०. तिने शासनाची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा ए श्रेणीत उत्तीर्ण केली असेल तर वर ७ गुण, म्हणजे ४५३ आणि ९०.६०. हेच गुण आयसीएसईच्या पद्धतीने, म्हणजे इंग्रजी सक्तीने धरून आणि बाकीच्यांतले उत्तम चार घेऊन मोजले, तर ४४० आणि बरोबर ८८.

मुलगी एक, गुण तेच आणि टक्केवाऱ्या चार. चारही बरोबर आहेत, कारण प्रत्येकीमागचा नियम वेगळा आहे. निकालाच्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर जे आकडे येतात त्यांतला कुठला कशातून आला हे कुणी सांगत नाही, आणि मग शेजारच्या सीबीएसईतल्या मुलाशी तुलना सुरू होते. म्हणून गुणपत्रिकेवरचा आकडा तयार कसा होतो ते एकदा नीट पाहून घ्यावं.

१०० गुण येतात कुठून

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीत सहा मुख्य विषय असतात: तीन भाषा, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषय १०० गुणांचा. त्यातले ८० लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे, जे शाळाच देते. गणिताचे ८० म्हणजे भाग एक (बीजगणित) ४० आणि भाग दोन (भूमिती) ४०. विज्ञानाचेही ४० गुणांचे दोन पेपर, वर प्रात्यक्षिकाचे २०. सामाजिक शास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्राला ४०, भूगोलाला ४०. संयुक्त संस्कृत आणि संयुक्त हिंदी अशी जोडी घेतली असेल तर दोन्हींचे ५०-५० मिळून एकच विषय धरतात. संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी आणि हिंदीत जेमतेम, अशा मुलाच्या गुणपत्रिकेवर त्या विषयाचा आकडा मधलाच दिसणार.

शाळेकडच्या या २० गुणांचं वजन किती असतं ते २०१९ साली सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी हे गुण परत आणले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (२०२० च्या आकड्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे. करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता आणि त्याचे गुण सरासरीने दिले होते.) मुलं एका वर्षात ढ झाली नव्हती आणि पुढच्या वर्षी एकदम हुशारही झाली नाहीत. मोजपट्टी बदलली होती. म्हणूनच ‘आमच्या वेळी ७० टक्के म्हणजे खूप’ हे वाक्य खरंही आहे आणि निरुपयोगीही.

२०२१ च्या बॅचचे गुण तर आणखी वेगळे. परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालावरून ५०, दहावीच्या शाळेतल्या लेखी कामावरून ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं गणित मांडून ९९.९५ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. नोकरीच्या मुलाखतीत त्या वर्षीची गुणपत्रिका पुढे आली तर समोरच्याला हे ठाऊक असावं, एवढंच.

अंतर्गत गुणांबाबत नेहमी होणारा घोळ म्हणजे आजारपणामुळे मूल तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षेला हजर राहत नाही आणि पालक समजतात की शाळा नंतर सांभाळून घेईल. मंडळ यासाठी ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा ठेवतं, सहसा लेखी परीक्षा संपल्यावर लगेच. तीही तारीख हुकली तर हातात काही राहत नाही. शाळेला लेखी कळवा, पोच घ्या.

पास, पण कसा?

प्रत्येक विषयात ३५ हवेत, हे सगळ्यांना माहीत असतं. गटाने उत्तीर्ण होण्याची सोय मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तीन भाषांत मिळून १०५ गुण आणि प्रत्येक भाषेत किमान २५ असतील तर भाषा सुटतात. गणित आणि विज्ञान मिळून ७० आणि प्रत्येकी किमान २५ असतील तर तेही सुटतात. गणितात २८ आणि विज्ञानात ४४ असलेला मुलगा पास आहे, कारण बेरीज ७२ होते. पण गणितात २४ आणि विज्ञानात ६० असतील तर बेरीज ८४ होऊनही तो गणितात नापास, कारण २५ ची खालची रेषाच ओलांडलेली नाही. सामाजिक शास्त्रे एकटी उभी असतात. तिथे ३५ लागतातच.

एका किंवा दोन विषयांत राहिलेल्या मुलाला एटीकेटीवर अकरावीत प्रवेश घेता येतो आणि जून-जुलैमधल्या पुरवणी परीक्षेत ते विषय सोडवता येतात. वर्ष वाया जात नाही. तरी अकरावीचा अभ्यास आणि दहावीचं गणित एकाच वेळी डोक्यावर घेणं जड जातं, म्हणून पहिल्याच पुरवणी परीक्षेत विषय सोडवून टाकणं शहाणपणाचं.

बेस्ट ऑफ फाइव्ह

सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरायचे आणि ५०० पैकी टक्केवारी काढायची, एवढाच हा नियम. तो आला अकरावी प्रवेशाच्या भांडणातून. इतर मंडळांची मुलं जास्त टक्के घेऊन येतात आणि मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या महाविद्यालयांतल्या जागा घेतात, ही राज्य मंडळाच्या पालकांची तक्रार होती. आधी पर्सेंटाइलचं सूत्र आलं, मग राज्य मंडळाच्या मुलांना ९० टक्के जागा देण्याचा निर्णय झाला. दोन्ही न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये बेस्ट ऑफ फाइव्हलाही मुंबई उच्च न्यायालयाने आधी रद्द ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो मान्य केला आणि तेव्हापासून तो चालू आहे.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. पहिली, गळालेला विषय म्हणजे सोडून दिलेला विषय नव्हे. सहाही विषयांत उत्तीर्ण व्हावं लागतंच. गळतो तो फक्त बेरजेतून. ‘इंग्रजी काय, गळणारच आहे’ म्हणून पेपर सोडून देणारी मुलं दरवर्षी सापडतात. दुसरी, प्रत्येक अर्जाला ५०० पैकीचीच टक्केवारी चालते असं नाही. शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा किंवा एखाद्या नोकरीचा अर्ज सहाही विषयांचे गुण मागतो, तर एखादा फक्त गणित आणि विज्ञानाचे. अर्जात ‘एकूण गुण’ आणि ‘पैकी’ असे दोन रकाने असतील तर ५२४ च्या पुढे ६०० आणि ४४६ च्या पुढे ५००. ५२४ च्या पुढे ५०० किंवा ४४६ च्या पुढे ६०० अशी सरमिसळ झाली की पडताळणीत अर्ज अडकतो.

वरचे गुण

कला आणि क्रीडेचे अतिरिक्त गुण ५०० पैकीच्या बेरजेत मिळवतात, पण एकूण १०० टक्क्यांच्या वर जात नाही. चित्रकलेसाठी इंटरमिजिएट परीक्षा धरतात: ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३ गुण. एलिमेंटरी ही त्याआधीची पायरी. तिचे स्वतंत्र गुण मिळत नाहीत. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असतील तर त्याचेही गुण आहेत. लोककला, स्काऊट-गाइड, एनसीसी आणि क्रीडा स्पर्धांसाठी वेगवेगळे तक्ते आहेत. खेळात स्पर्धेची पातळी आणि मिळालेलं स्थान यांवर गुण ठरतात.

हे गुण आपोआप कुणाच्या खात्यात जमा होत नाहीत. विद्यार्थ्याने प्रमाणपत्राच्या प्रती शाळेत द्यायच्या, शाळेने प्रस्ताव करून मुदतीत पाठवायचा आणि विभागीय मंडळाने तो मंजूर करायचा, असा रस्ता आहे. प्रमाणपत्रावर नाव एका पद्धतीने आणि परीक्षा अर्जावर दुसऱ्या पद्धतीने, खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणीच झालेली नाही, शाळेतल्या बाईंनी फाइल पुढच्या आठवड्यावर ढकलली, या तीन कारणांनी सर्वांत जास्त गुण बुडतात. दहावीची दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत जाऊन ‘आमचा प्रस्ताव यादीत आहे का’ हे तोंडाने विचारण्यापेक्षा यादी डोळ्यांनी पाहावी.

२०२५ च्या निकालात राज्यात २११ मुलांना १०० टक्के मिळाले, त्यांतले ११३ लातूर विभागातले. बातमी वाचणाऱ्याला वाटतं की या मुलांनी सगळे पेपर पैकीच्या पैकी लिहिले. हा आकडा पाच विषयांवरचा आहे आणि त्यात अतिरिक्त गुणही धरलेले असतात. ४९३ गुणांवर चित्रकलेचे ७ आले की ५०० होतात. मुलांच्या कष्टाचं मोल त्याने कमी होत नाही. तरी १०० टक्के म्हणजे एकही चूक नाही असा अर्थ काढू नये.

श्रेणी, डिस्टिंक्शन आणि बोर्डात येणं

७५ टक्के आणि वर विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय आणि ३५ पासून उत्तीर्ण. ‘डिस्टिंक्शन’ला पूर्वी जी चमक होती ती आता उरलेली नाही, कारण शहरातल्या बऱ्याच वर्गांत अर्ध्याहून जास्त मुलं त्यात बसतात. मंडळाची गुणवत्ता यादीही बंद होऊन बराच काळ झाला. त्यामुळे ‘बोर्डात दुसरा’ असा फलक आज कुठे दिसला तर तो शाळेने किंवा क्लासने वर्तमानपत्रं चाळून स्वतः काढलेला क्रमांक असतो, मंडळाने दिलेला नव्हे. शाळेत पहिला, केंद्रात पहिला, तालुक्यात पहिला हे मान खरे असतात, ते देणारी संस्था वेगळी असते.

काही मान मात्र विषयाला चिकटलेले आहेत आणि त्यांना इतिहास आहे. संस्कृतमध्ये सर्वाधिक गुणांसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांतली सर्वांत जुनी म्हणावी अशी. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या सी. डी. देशमुखांनी १९१२ च्या मॅट्रिकला पहिलं येऊन ती मिळवली होती. तेव्हा परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे.

गुणपत्रिकेवर मुख्य विषयांखाली आरोग्य व शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा असे श्रेणी विषय येतात. त्यांची अक्षरी श्रेणी टक्केवारीत धरत नाहीत.

सीबीएसईची अक्षरं वेगळ्या जातीची आहेत. तिथे दहावीत ए१ म्हणजे ९१ ते १०० असा समज घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या देशभरातल्या मुलांना गुणांच्या उतरत्या क्रमाने लावतात आणि रांगेचे आठ भाग करतात. वरच्या एक-अष्टमांशाला ए१, पुढच्याला ए२, मग बी१, असं डी२ पर्यंत. त्यामुळे एका विषयात ९३ ला ए१ मिळतो आणि दुसऱ्या विषयात ९३ ला ए२, कारण तिथे रांगेत पुढे उभे असलेले जास्त आहेत. सीबीएसई स्वतः एकूण टक्केवारी, श्रेणी किंवा डिस्टिंक्शन जाहीर करत नाही. पाच विषयांची बेरीज घरचे लोक किंवा महाविद्यालयं करतात. २०१७ पर्यंतच्या मुलांकडे सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी श्रेणीगुण, असतो. त्याला ९.५ ने गुणून येते ती अंदाजी टक्केवारी, ९.२ म्हणजे ८७.४. ती त्यांची खरी बेरीज नव्हे.

गुण कमी वाटले तर

मंडळाची उत्तरपत्रिका परीक्षकाकडून नियामकाकडे (मॉडरेटरकडे) जाते, तिथून मुख्य नियामकाकडे. तरी बेरीज चुकते, जोडलेली पुरवणी पाहायची सुटते, एखादं उत्तर तपासायचं राहतं. यावर तीन वेगवेगळे उपाय आहेत आणि लोक त्यांची अदलाबदल करतात.

गुणपडताळणीत उत्तरं पुन्हा तपासत नाहीत. सगळ्या प्रश्नांना गुण दिलेत ना, बेरीज बरोबर आहे ना, एवढंच पाहतात. गेल्या काही वर्षांत याचं शुल्क विषयाला ५० रुपये होतं. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत. तिला विषयाला ४०० रुपये. उत्तर पुन्हा तपासून घ्यायचं असेल तर पुनर्मूल्यांकन, विषयाला ३०० रुपये, पण त्याआधी छायाप्रत घेणं बंधनकारक आहे आणि ती हाती आल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. निकालानंतर पहिल्या अर्जासाठी साधारण दोन आठवडे मिळतात. २०२५ मध्ये निकाल १३ मे रोजी लागला आणि मुदत १४ ते २८ मे होती.

व्यवहारात करायचं ते असं. छायाप्रत आली की आधी पानं मोजा आणि पुरवण्या आहेत का ते पाहा. मग प्रत्येक उपप्रश्नाचे गुण एका कागदावर उतरवून बेरीज करा. त्यानंतरच त्या विषयाच्या शिक्षकांना गाठा आणि एकेका उत्तराला किती गुण वाढू शकतात ते त्यांच्याकडून पेन्सिलीने लिहून घ्या. ‘मुलगा म्हणतो पेपर छान गेला’ हा आधार पुरत नाही. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात, आणि एक-दोन गुणांनी प्रवेशात काही बदलणार नसेल तर सातशे रुपये आणि महिनाभराची घालमेल कशाला? अकरावीची प्रवेश प्रक्रिया मात्र कुणासाठी थांबत नाही. २०२५-२६ पासून ती राज्यभर ऑनलाइन झाली आहे. सुधारित गुण येईपर्यंत हातातल्या गुणांवरच अर्ज भरायचा असतो.

गुण बरोबरच आहेत पण वाढवायचे आहेत, अशांसाठी श्रेणीसुधार योजना आहे. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्यांनाच ती मिळते. फेब्रुवारी-मार्च २०२५ ला उत्तीर्ण झालेल्यांना लगतच्या तीन परीक्षा दिल्या होत्या: जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. आमचं मत असं की नव्वदाचे ब्याण्णव करण्यासाठी ती वापरू नये. ५८ चे ६० होणार असतील आणि पुढे प्रथम श्रेणीची अट असेल, तर जरूर वापरावी.

परदेशी अर्जासाठी

अमेरिकेतली विद्यापीठं नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण मागतात, आणि इथे महाराष्ट्रातल्या मुलांची खरी अडचण होते. नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे दोन संस्था, दोन शिक्के, दोन सह्या. नववीचं प्रगतिपुस्तक बहुतेक घरांत दहावीचा निकाल लागेपर्यंत रद्दीत गेलेलं असतं. बाहेर जाण्याचा विचार असेल तर नववीच्या निकालाची मुख्याध्यापकांच्या सहीची प्रत त्याच वर्षी घेऊन ठेवा.

टक्केवारीचं चारपैकी जीपीएमध्ये (तिकडच्या सरासरी श्रेणीगुणांत) रूपांतर स्वतः करू नका. कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जात मोजपट्टी १०० निवडता येते आणि शाळा वर्गातला क्रमांक देत नसेल तर तसं सांगण्याचीही सोय आहे. उलट शाळेकडून एक पानाची माहिती जोडून घ्या: मंडळाच्या श्रेणी, उत्तीर्णतेची ३५ ची रेषा, वर्गातली मुलं आणि त्यांचे गुण साधारण कसे पसरलेले आहेत. ही माहिती नसली तर ८१ टक्के हा तिकडच्या वाचणाऱ्याला किरकोळ आकडा वाटतो.

त्याच अर्जात मानसन्मानांसाठी पाच जागा असतात आणि प्रत्येकापुढे पातळी लिहायची असते: शाळा, राज्य किंवा विभाग, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. इथे प्रामाणिकपणा उपयोगी पडतो. नववीतली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा किंवा मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिंपियाडमधला एखादा टप्पा यांना वजन आहे, कारण निवड कशी होते ते तपासता येतं. आठवीची शिष्यवृत्ती मोलाची आहे, पण ती नववीच्या आधीची, म्हणून या रकान्यात बसत नाही. आठवीतच परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएसची (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय योजनेची) वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती नववी ते बारावी चालू राहते, तेव्हा तिचा उल्लेख करता येतो. शुल्क भरून शाळेतच दिलेल्या खासगी ‘ऑलिंपियाड’चं सुवर्णपदक मात्र शाळेच्या पातळीवरच लिहावं; ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत छापलेला असला तरी.

शेवटी नाव. राज्य मंडळाच्या कागदांवर आडनाव आधी येतं, मग विद्यार्थ्याचं आणि वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो आणि इंग्रजी स्पेलिंगमधलं एक जास्तीचं ए पुढे वर्षानुवर्षं प्रतिज्ञापत्रं लिहायला लावतं. परीक्षेचा अर्ज भरल्यावर मंडळाकडून शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे अर्जातल्या माहितीची तपासणीसाठीची यादी, येते. तिच्यावर विद्यार्थ्याची सही घेतात, तेव्हा बहुतेक मुलं न वाचता सही करतात. नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि विषयांचे सांकेतांक अक्षर न् अक्षर जुळवून पाहावेत. दुरुस्ती तिथे एका पेनच्या फराट्याने होते. प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवून करावी लागते.